साखर घोळलेल्या गोळीत उजेड कसा फिरतो

संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, साखरेत घोळलेली नारिंगी जेलीची गोळी चिमटीत धरून सकाळच्या वेळी खिडकीसमोर उभे राहिले, तर एरवी लक्षात न येणाऱ्या बऱ्याच गोष्टी दिसू लागतात. गोळीची पातळ कड पिवळसर उजळते, मधला जाड भाग मात्र लालसर नारिंगी आणि खोल दिसतो. उजेड खिडकीच्या बाजूने आत शिरतो आणि आपल्या बाजूने बाहेर पडतो, त्यामुळे आपल्याकडचा, खरे तर सावलीत असलेला भागही आतून पेटल्यासारखा वाटतो. साखरेचे दाणे पांढरे असतात असे आपण धरून चालतो, पण जेलीत रुतून बसलेल्या दाण्यांनी तिचाच रंग उचललेला असतो आणि वरवर चिकटलेले दाणे तेवढे पांढरे दिसतात. गोळी केसभर फिरवली की लखलखणारा एखादा दाणा विझतो आणि त्याच्या शेजारचा, आतापर्यंत निमूट बसलेला, एकदम चमकून उठतो.

हे सगळे कॅमेरा न वापरता, नुसत्या गणिताच्या आधारे संगणकावर उभे करायचे असेल तर काय करावे लागते, ते या लेखात सांगायचे आहे. वेष्टनांवरची, जाहिरातींमधली आणि अ‍ॅनिमेशनपटांतली कितीतरी मिठाई आता अशीच घडवलेली असते. मी हे काम करू लागले तेव्हा गोळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यासाठी पहिले चित्र केले होते. आकार मापात होता, रंग नमुन्याशी जुळत होता, चमकही होती. तरी चित्र पाहताच मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘ही खेळण्यातली वाटते, तोंडात टाकावीशी वाटत नाही.’’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी रंग गोळीला बाहेरून लावला होता. खऱ्या गोळीचा रंग बाहेरून लावलेला नसतो. उजेड आत जाऊन परत येईपर्यंत जे काही घडते, त्यातून तो तयार होतो.

संगणक चित्र कसे काढतो, हे आधी थोडक्यात पाहू. प्रथम वस्तूचा त्रिमित आकार घडवला जातो, मग त्या आकाराला पदार्थाचे गुणधर्म दिले जातात, दिवे आणि कॅमेरा मांडला जातो आणि शेवटी संगणक चित्राच्या प्रत्येक बिंदूत किती आणि कोणत्या रंगाचा उजेड पोहोचेल याचा हिशेब करतो. या शेवटच्या पायरीला रेंडरिंग म्हणतात. त्यामागचे मूळ समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडले आणि ते सोडवण्यासाठी पाथ ट्रेसिंग ही पद्धतही त्याच वेळी सुचवली. या पद्धतीत किरणाचा माग उलट्या दिशेने काढला जातो. कॅमेऱ्यातून एक किरण निघतो, वस्तूवर आदळतो, तिथून कुठे वळेल हे त्या पदार्थाच्या नियमांनुसार पण फासे टाकल्यासारखे ठरते, आणि असे आदळत-वळत तो एखाद्या दिव्यापर्यंत पोहोचला की त्या वाटेने किती उजेड आला असता ते कळते. एका बिंदूसाठी असे शेकडो किरण सोडून त्यांची सरासरी काढली जाते. फासे टाकून उत्तराच्या जवळ जाण्याची ही युक्ती माँटे कार्लो पद्धत म्हणून ओळखली जाते. १९४० च्या दशकात लॉस अलामॉस येथे स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ती विकसित केली, आणि तिचा आरंभीचा उपयोग पदार्थातून जाणाऱ्या न्यूट्रॉनचा माग काढण्यासाठी झाला होता. न्यूट्रॉनच्या जागी प्रकाशकण आणि त्या पदार्थाच्या जागी जेली, इतकाच काय तो फरक.

आता गोळीच्या पृष्ठभागापासून सुरुवात करू. उजेड हवेतून दुसऱ्या पारदर्शक पदार्थात शिरताना त्याचा थोडा भाग परत फिरतो आणि उरलेला वाकून आत जातो. किती वाकेल हे त्या पदार्थाच्या अपवर्तनांकावरून ठरते. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १ असतो. ज्यात सुमारे ८० टक्के साखर आहे अशा घट्ट पाकाचा १.४९ असतो, आणि जेलीच्या गोळीचाही साधारण त्याच्या आसपास धरता येतो. या आकड्यांवरून हिशेब केला, तर सरळ समोरून पडलेल्या उजेडापैकी जेमतेम ४ टक्के उजेड पृष्ठभागावरून परत फिरतो आणि तब्बल ९६ टक्के आत जातो. कडेने, तिरप्या कोनातून पाहिले की परावर्तनाचे हे प्रमाण झपाट्याने वाढते, म्हणून गोळीच्या कडा अधिक चकाकतात. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेली ही सूत्रे आज जवळपास प्रत्येक रेंडरिंग प्रणालीत आहेत.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. नेहमीच्या वापरातल्या प्लास्टिकचा अपवर्तनांकही १.५ च्या जवळपासच असतो, म्हणजे गोळी आणि प्लास्टिक या दोहोंची पृष्ठभागावरची चमक जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे गोळी प्लास्टिकची वाटते म्हणून चमक कमी-जास्त करत बसण्यात हाती काही लागत नाही, आणि नवखे कलाकार नेमके तिथेच तासन्‌तास घालवतात. खरा फरक त्या ९६ टक्के उजेडाचे आत काय होते यात आहे. ब्लेंडर या मोफत प्रणालीत जो ‘प्रिन्सिपल्ड’ नावाचा तयार शेडर (पदार्थावर उजेड कसा वागेल हे ठरवणारा नियमसंच) मिळतो, त्याचे मूळ डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे. ती ज्या चित्रपटासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली त्या ‘रेक-इट राल्फ’मधला बराचसा भाग गोळ्या-मिठाईच्या दुनियेतच घडतो. मोजक्या, समजायला सोप्या आकड्यांत कोणताही पदार्थ बसवता यावा हा तिचा हेतू आहे आणि तो बऱ्याच अंशी साध्य झालेला आहे. परंतु गोळी अगदी जवळून दाखवायची असेल, तर तयार आकड्यांवर विसंबून चालत नाही. आतला प्रवास स्वतः मांडावा लागतो.

या प्रवासात उजेडाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. तो शोषला जातो, आणि तो विखुरतो. आधी शोषण पाहू, कारण रंग तिथे ठरतो.

समजा, आपल्या नारिंगी जेलीचा १ मिलिमीटर जाडीचा थर लाल उजेडापैकी ९७ टक्के, हिरव्यापैकी ८५ टक्के आणि निळ्यापैकी ५० टक्के उजेड पुढे जाऊ देतो. दुसऱ्या मिलिमीटरमध्ये उरलेल्याचे पुन्हा ९७, ८५ आणि ५० टक्के पुढे जातात, तिसऱ्यात पुन्हा तसेच, आणि असा हा गुणाकार जाडीबरोबर वाढत जातो. २ मिलिमीटरच्या पातळ कडेतून बाहेर पडताना लाल उजेड ९४ टक्के, हिरवा ७२ टक्के आणि निळा २५ टक्के उरतो. लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असल्यामुळे डोळ्याला ती कड पिवळसर दिसते. मधल्या १० मिलिमीटर जाडीच्या भागातून मात्र लाल ७४ टक्के, हिरवा सुमारे २० टक्के आणि निळा जवळजवळ शून्य बाहेर येतो, म्हणून तोच पदार्थ तिथे लालसर नारिंगी दिसतो. रंगद्रव्य एकच आहे आणि ते सगळीकडे सारखेच मिसळलेले आहे. रंग बदलतो तो केवळ उजेडाला किती वाट तुडवावी लागली यावरून. बेअर आणि लँबर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम सरबताच्या ग्लासात, चहाच्या कपात आणि मधाच्या बरणीत रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. कपाच्या काठाशी चहा सोनेरी आणि तळाकडे गडद दिसतो, तेही याच कारणाने.

म्हणून संगणकात गोळीला ‘नारिंगी रंग’ देण्याऐवजी तिच्या आतल्या आकारमानाला शोषणाचे प्रमाण द्यायचे असते. असे केले की पातळ कड, जाड पोट, फोडीवरच्या खाचा, साचा उलटताना राहिलेला खोलगट तळ, या प्रत्येक ठिकाणी योग्य छटा आपोआप येते आणि हाताने रंगवण्याची गरज उरत नाही. मात्र त्यासाठी वस्तू तिच्या खऱ्या मापातच बनवावी लागते. शोषणाचा हिशेब मिलिमीटरवर चालत असल्यामुळे ३० मिलिमीटरची गोळी सोयीसाठी ३ मीटरची बनवली, तर उजेडाला शंभरपट वाट चालावी लागते आणि गोळी काळीठिक्कर पडते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची निम्मी अडचण मापाची असते. त्यांना मी आधी फूटपट्टी घेऊन खरी गोळी मोजायला लावते आणि मगच संगणक सुरू करायला सांगते.

दुसरी गोष्ट विखुरण्याची. जेली काचेसारखी स्वच्छ नसते. तिच्यात जिलेटिनचे किंवा पेक्टिनचे जाळे असते, बारीक हवेचे बुडबुडे असतात, कधी फळाचा गर असतो, आणि या प्रत्येकावर आपटून प्रकाशकण आपली दिशा बदलतो. एकदा आत शिरलेला किरण सरळ रेषेत बाहेर न पडता अडखळत, वळणे घेत भलत्याच ठिकाणाहून बाहेर येतो. गोळीच्या सावलीकडच्या बाजूला जो मऊ उजेड जाणवतो तो यातूनच येतो, आणि ‘ही वस्तू मऊ आहे, ओलसर आहे, दाताखाली दबेल’ ही जाणीवही बऱ्याच अंशी त्यावरच उभी असते.

या विखुरण्याचे गणित संगणकवाल्यांनी स्वतः शोधलेले नाही, ते त्यांनी आकाशाकडे पाहणाऱ्यांकडून घेतले. ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा वाट काढतो याचे सुसूत्र विवेचन सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांनी १९५० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि आज जेली, धूर, दूध किंवा ढग रेंडर करताना जे मूळ समीकरण वापरले जाते ते त्याच परंपरेतले आहे. आकाशगंगेतल्या धुळीवरून ताऱ्यांचा प्रकाश कसा विखुरतो हे मांडण्यासाठी हेन्ये आणि ग्रीनस्टाइन यांनी १९४१ मध्ये एक छोटे सूत्र दिले होते. त्यात उणे १ ते अधिक १ यांच्यामधला एकच आकडा असतो. तो शून्य ठेवला तर प्रकाशकण चहूकडे सारखाच उडतो, आणि १ च्या जवळ नेला तर आपटल्यानंतरही बहुतेक पुढच्याच दिशेने जात राहतो. जेलीसाठी हा आकडा ०.८ च्या आसपास ठेवला की आतून येणारा उजेड खोल आणि रसरशीत दिसतो, शून्य ठेवला की गोळी मेणासारखी दुधी होते. तारामंडळांमधल्या धुळीसाठी केलेले सूत्र चार आण्यांच्या गोळीला जसेच्या तसे लागू पडते, याचे मला आजही नवल वाटते.

हे गणित प्रत्यक्ष चित्रांसाठी परवडेल असे करून देण्याचे मोठे श्रेय हेन्रिक वॉन येन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन यांच्या २००१ च्या संशोधनाला जाते. प्रत्येक प्रकाशकणाचा माग न काढता, उजेड एका ठिकाणी आत शिरला तर आजूबाजूला किती अंतरावर किती प्रमाणात बाहेर पडेल, हे सांगणारे सोपे सूत्र त्यांनी दिले. त्यांनी दाखवलेली दुधाची आणि संगमरवराची उदाहरणे तेव्हा लोकांना थक्क करून गेली. आता यंत्रे वेगवान झाल्यामुळे त्या सूत्राऐवजी प्रकाशकणाला खरोखरच आत भटकू देण्याची पद्धत परवडू लागली आहे, आणि संत्र्याच्या फोडीसारख्या पातळ कडा असलेल्या आकाराला तीच अधिक मानवते. जुने सूत्र मुळात सपाट आणि जाड पदार्थ धरून मांडलेले होते, त्यामुळे पातळ कडेशी ते फसते.

इथवर नुसती जेली तयार झाली. आता तिच्यावरची साखर, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा कस तिथेच लागतो.

साखरेचा एक सुटा दाणा भिंगाखाली पाहिला तर तो पांढरा नसतोच, काचेसारखा स्वच्छ असतो. मूठभर साखर पांढरी दिसते, कारण प्रत्येक दाण्याच्या प्रत्येक पैलूवर उजेडाचा काही भाग परततो, काही वाकून आत जातो, आतून पुन्हा आपटतो, बाहेर पडून शेजारच्या दाण्यात शिरतो आणि अशा असंख्य आपटण्यांनंतर काहीही शोषले न जाता सगळ्या रंगांसह परत आपल्याकडे येतो. बर्फाचा भुगा, फुटलेल्या काचेचा चुरा आणि मीठ यांचा पांढरेपणाही असाच तयार होतो. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पाथ ट्रेसिंग करणाऱ्या प्रणालीत किरणाला जास्तीत जास्त किती वेळा आपटू द्यायचे याची मर्यादा असते. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात ती सुरुवातीला १२ असते. खोलीतल्या फर्निचरला इतकी पुरते, पण साखरेच्या थरात १२ आपटण्यांत किरण अजून बाहेरसुद्धा पडलेला नसतो. मर्यादा संपली की तो किरण अंधारात जमा होतो आणि साखर राखाडी, मळकी दिसते. अशा वेळी दाण्याला पांढरा रंग देऊन मोकळे होण्याचा मोह पडतो. पण तसे केले की साखरेचे पीठ होते आणि तिचे स्फटिकपण जाते. मर्यादा ३२ किंवा ६४ पर्यंत वाढवून दाण्याला रंगहीन ठेवणे हाच त्यावरचा योग्य उपाय आहे. जेली आकारमान म्हणून मांडलेली असेल तर तिच्या आतल्या आपटण्यांची मर्यादा वेगळी असते आणि सायकल्समध्ये ती आरंभी शून्य असते, तीही आठवणीने वाढवावी.

दाण्याचा आकार घडवतानाही काळजी घ्यावी लागते. मिठाचा स्फटिक घनाकृती असतो, साखरेचा तसा नसतो. तो एका बाजूला कललेला, लांबट, कोपरे तासल्यासारखा असतो. शिवाय पोत्यातून, चाळणीतून आणि घोळण्याच्या पिंपातून येताना दाणे एकमेकांवर घासतात, त्यामुळे कडा झिजलेल्या, काही दाणे तुटलेले आणि काही एकमेकांत अडकून जुळे झालेले असतात. आपल्याकडच्या बाजारात एस-३० आणि एम-३० अशा ज्या प्रती सांगितल्या जातात, त्यांतले एस आणि एम हे दाण्याच्या लहान-मध्यम आकाराबद्दल असते. ०.६ मिलिमीटरचा बारीक दाणा धरला आणि गोळीचा पृष्ठभाग १८ चौरस सेंटिमीटर मानला, तर ती पूर्ण झाकायला सुमारे ५,००० दाणे लागतात. हे सगळे वेगवेगळे घडवणे शक्यही नसते आणि आवश्यकही नसते. आठ-दहा निरनिराळे दाणे मन लावून घडवावेत आणि संगणकाला त्यांच्याच प्रती यदृच्छेने फिरवून, लहान-मोठ्या करून पसरू द्याव्यात. संगणकाच्या स्मृतीत दाणा एकदाच साठवला जातो, त्यामुळे यंत्रावर भारही पडत नाही. पसरण मात्र सारखी नसावी. खाचांमध्ये साखर जास्त साठते, उभ्या कडांवरून गळते, जिथे बोटांची चिमटी लागली तिथे जेली उघडी पडते, आणि मोठ्या दाण्यांच्या फटींत साखरेची पूड भरलेली असते. ती पूड विसरली तर दाणे गोळीवर नुसते ठेवल्यासारखे वाटतात.

दाणा जेलीत किती रुतवायचा, हा बारकावा मला फार उशिरा कळला, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. साखरेच्या स्फटिकाचा अपवर्तनांक दिशेनुसार १.५४ ते १.५७ असतो. हवेतल्या दाण्याच्या एका पैलूवरून साडेचार टक्क्यांच्या आसपास उजेड परततो. तोच पैलू जेलीत रुतला, की १.५४ आणि १.४९ या दोन आकड्यांत फारसे अंतर नसल्यामुळे त्या सीमेवरून परतणारा उजेड एका टक्क्याच्या तिसाव्या भागाइतकाही उरत नाही. थोडक्यात, दाण्याचा रुतलेला भाग दिसेनासा होतो आणि जेलीचा रंग त्या वाटेने थेट दाण्यात चढतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की घोळलेल्या गोळ्यांना पाणी सुटते, साखरेचा पांढरेपणा जातो आणि गोळी चिकट, गडद दिसू लागते, हा अनुभव घरोघरचा आहे. तिथेही हेच घडते. दाण्यांभोवतीच्या हवेची जागा पाकाने घेतली की पैलूंवरचे परावर्तन मावळते. म्हणून संगणकात दाणे जेलीपासून केसभर वर तरंगते ठेवले, तर गोळी कोरडी, खडबडीत आणि जास्त पांढरी दिसते, आणि तिसऱ्या हिश्श्याइतके रुतवले तर ताजी, किंचित ओलसर वाटते. पांढरा रंग वाढवण्या-कमी करण्याने जे साधत नाही ते दाण्याची खोली बदलल्याने साधते.

लखलखाट हा साखरेचा आणखी एक स्वभाव. १.५४ अपवर्तनांकाच्या स्फटिकात आतून सुमारे साडेचाळीस अंशांपेक्षा तिरपा आदळलेला उजेड बाहेर पडूच शकत नाही. तो आरशावरून परतावा तसा पूर्ण आत परततो आणि फिरत फिरत एखाद्या पैलूतून झोताने बाहेर येतो. तो झोत नेमका आपल्या डोळ्यांकडे वळला तर दाणा चमकतो. चित्रात हे आणण्यासाठी दिवा लहान आणि तीक्ष्ण हवा. मोठ्या, मऊ दिव्यात सगळेच पैलू थोडेथोडे उजळतात आणि एकही चमकत नाही. मी सहसा मागच्या बाजूने मोठा मऊ उजेड जेली पेटवण्यासाठी ठेवते आणि वरून एक छोटा दिवा केवळ दाण्यांसाठी लावते.

पण रेंडर करताना याच चमकीवर घाला येतो. फासे टाकून काढलेल्या चित्रात सुरुवातीला भुरभुर असते, कारण सरासरी अजून स्थिरावलेली नसते. ही भुरभुर निम्मी करायची तर किरणांची संख्या चौपट करावी लागते, म्हणजे २५६ ऐवजी १,०२४. हा खर्च टाळण्यासाठी भुरभुर पुसून टाकणारे संगणक-प्रोग्राम वापरले जातात, आणि त्यांना एकाकी पांढरा ठिपका म्हणजे चूक असेच शिकवलेले असते. साखरेचा चमकता दाणा हाही एकाकी पांढरा ठिपकाच. अतितेजस्वी किरणांना कात्री लावण्याची सोयही याच कारणाने नेमकी साखरेची चमक कापते. त्यामुळे अशा चित्रात जेली आणि साखर यांचे थर वेगळे काढावेत, जेलीवरची भुरभुर खुशाल पुसावी आणि साखरेच्या थराला मात्र किरण वाढवून द्यावेत. वेळ लागतो, पण इथे काटकसर केली तर ती चित्रात दिसल्याशिवाय राहत नाही.

एखाद्या दृश्यात अशा गोळ्यांची अख्खी बरणी असेल किंवा साखरेचा ढीगच असेल, तर प्रत्येक दाण्यातून प्रत्येक किरण नेणे अशक्य होते. यावर २०१५ मध्ये एक सुंदर उपाय मांडला गेला, आणि तो मांडणाऱ्यांत वर उल्लेख आलेले मार्शनरही होते. किरणाची पहिली काही वळणे खऱ्या दाण्यांमधून घेऊ द्यायची, तो खोल गेला की ढिगाला धुक्यासारखा सलग पदार्थ मानून हिशेब करायचा. डोळ्याला जो दाणेदारपणा जाणवतो तो वरच्या थरातून येतो आणि आतली उजळ पार्श्वभूमी सलग पदार्थाकडून मिळते, त्यामुळे दोन्ही गोष्टी टिकतात.

साखरेचीच बनलेली दुसरी मिठाई घेतली तर हे सगळे आकडे बदलतात. लिमलेटची गोळी सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळलेल्या पाकाची असते. तो पाक स्फटिक व्हायच्या आत गार होतो, म्हणून ती शब्दशः साखरेची काच असते. तिच्यात विखुरणे जवळजवळ नसते. तिचा खरेपणा अडकलेल्या बुडबुड्यांत, टवका उडालेल्या कडेत आणि डब्यात घासून आलेल्या पुसट ओरखड्यांत असतो. याउलट संक्रांतीचा काटेरी हलवा. मंद आचेवर, थेंबथेंब पाक घालत, हाताने हलवत घडलेला हा दाणा असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा असतो, त्यामुळे उजेड आत जातो न जातो तोच विखुरून परत येतो आणि दाणा दाट पांढरा दिसतो. इथे सुटे स्फटिक मांडायची गरज नसते, विखुरणे भरपूर वाढवले की पुरते. काट्यांची टोके मात्र पातळ असतात आणि त्यांच्यातून उजेड निसटतो. ती टोके किंचित पारदर्शक झाली नाहीत तर हलवा खडूचा वाटतो. काळ्या चंद्रकळेवर घातलेले हलव्याचे दागिने संगणकावर करून पाहायचे असतील तर सगळी मेहनत त्या टोकांवर करावी असे मी सांगेन.

कॅमेऱ्याबद्दल दोनच गोष्टी सांगते. इतक्या लहान वस्तूचा खरा फोटो काढला तर काही मिलिमीटरच स्पष्ट येतात आणि पुढचे-मागचे धूसर होते. ही धूसरता दिली नाही तर गोळी उशीएवढी मोठी भासते. दुसरी गोष्ट गोळीखालच्या सावलीची. गोळीतून पार होणारा उजेड ताटलीवर नारिंगी, मधोमध एकवटलेला डाग पाडतो, म्हणजे सावलीच्या आतच एक उजळ ठिपका असतो. संगणकाला हा ठिपका शोधणे जड जाते, कारण लहान दिव्यापर्यंत नेमक्या वाकलेल्या वाटेने पोहोचणारा किरण फाशांनी क्वचितच सापडतो, म्हणून पुष्कळ प्रणालींमध्ये पारदर्शक वस्तूची सावली सरळ काळी येते. दिवा थोडा मोठा केला तर ही वाट सोपी होते. मला विचाराल तर जेलीच्या चित्रात काळी सावली कधीही खपवून घेऊ नये.

चित्र पूर्ण झाले की मी ते खऱ्या गोळीच्या फोटोशेजारी ठेवून दोन्ही आधी कृष्णधवल करून पाहते. रंग काढून घेतला की उजेडाची चूक लगेच उघडी पडते: कड पुरेशी उजळली की नाही, पोटातला भाग फार काळवंडला की काय, साखरेचे दाणे आणि जेली यांच्यातला फरक खऱ्याइतका आहे की नाही. त्या मालकीणबाईंसाठी पुढच्या वर्षी पुन्हा चित्र केले तेव्हा हे सगळे जुळले होते, तरी काहीतरी कमी भासत होते. शेवटी खरी गोळी उचलून पुन्हा ताटलीत ठेवली, तेव्हा तिच्याभोवती साखरेचे पंधरा-वीस दाणे सांडले आणि सावलीतल्या नारिंगी उजेडात त्यांतले दोन-तीन पेटले. तेवढे दाणे मी चित्रातल्या ताटलीवर टाकले आणि त्यानंतर काही बदलले नाही.